खाजेसाठी एवढा खर्च करावा का?

पत्राचा सारांश: सिंहगड रस्ता परिसरात राहणाऱ्या, बँकेत नोकरी करणाऱ्या ३६ वर्षांच्या एका वाचक भगिनीचे हे पत्र आहे. लहानपणी त्यांना कोपराच्या आणि गुडघ्याच्या खोबणीत इसब होते. दहावीच्या सुमारास ते थांबले, पण मुलगी झाल्यावर पुन्हा उलटले, आणि गेली सहा वर्षे मान, पापण्या, हात आणि पाय यांवर ते ठाण मांडून आहे. रात्री खाजेने अनेकदा जाग येते, चादरीवर रक्ताचे डाग पडतात. औषधांच्या दुकानातून आणलेली मलमे, नेहमीच्या डॉक्टरांनी अधूनमधून दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या, आंबट, वांगी आणि मासे बंद करणारे पथ्य, ओळखीतून मिळालेले बिनलेबलचे चूर्ण, हे सगळे करून झाले आहे. आता त्वचारोगतज्ज्ञांनी दोन पर्याय सुचवले आहेत: दर दोन आठवड्यांनी घ्यायचे डुपिलुमॅबचे इंजेक्शन, किंवा ‘जॅक इनहिबिटर’ गटातली, म्हणजे पेशीच्या आत दाहाचे अनेक निरोप पुढे नेणारी विकरे रोखणारी, रोजची गोळी. खर्च ऐकून त्या दचकल्या आहेत. पती मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली मुदत ठेव मोडायला तयार आहेत. सासूबाईंना वाटते की अशा औषधांनी रोग आत दाबला जाईल आणि दम्याच्या रूपाने बाहेर पडेल. येत्या दोनेक वर्षांत दुसऱ्या मुलाचा विचारही आहे. त्या विचारतात, ‘नुसत्या खाजेसाठी एवढा पैसा घालवणे हा स्वार्थ नाही का? आणि एकदा सुरू केले की ते जन्मभर घ्यावे लागेल का?’

तुमच्या पत्रात ‘नुसती खाज’ हे शब्द पुन्हा पुन्हा आले आहेत, म्हणून त्यांच्यापासूनच सुरुवात करते. सहा वर्षे अखंड झोप न मिळणे, सकाळी काउंटरवर बसताना पूर्ण बाह्यांचा कुडता शोधणे, मुलगी कुशीत शिरली की अंग चोरून घेणे, हे सगळे तुम्हीच लिहिले आहे आणि त्याच पत्रात त्याला ‘नुसती’ म्हटले आहे. दुखणे असेल तर घरातले लोक डॉक्टरकडे नेतात. खाज असेल तर ‘खाजवू नकोस’ असे सांगतात, आणि हळूहळू रुग्णालाही वाटू लागते की हा आपल्याच संयमाचा प्रश्न आहे. मला हे मान्य नाही. दीर्घकालीन, तीव्र इसबाचा झोप, काम, मन आणि संसार यांवर होणारा परिणाम इतर अनेक जुनाट आजारांच्या तोडीचा असतो, आणि त्यावर उपचार मागणे हा स्वार्थ ठरत नाही. खर्च परवडेल की नाही हा खरा आणि रास्त प्रश्न आहे, त्याकडे पुढे येते. पण ‘मला एवढ्याचा हक्क आहे का’ हा प्रश्न तुम्ही बाजूला ठेवावा असे मनापासून सांगते.

नखांवर ताबा ठेवूनही ही खाज का थांबत नाही, हेही समजून घ्या. लहानपणापासूनच्या ज्या इसबाला डॉक्टर अटोपिक डर्मटायटिस म्हणतात, त्यात त्वचेचे बाहेरचे आवरण कमकुवत असते आणि तिच्या आत विशिष्ट प्रकारचा दाह सतत चालू असतो. या दाहात पेशी एकमेकींना जे रासायनिक निरोप पाठवतात, त्यांपैकी इंटरल्यूकिन-४, १३ आणि ३१ हे निरोप थेट त्वचेतल्या मज्जातंतूंना चेतवतात. पित्त उठल्यावर जी खाज येते तिच्यामागे मुख्यतः हिस्टामिन असते. इथे तसे नसते. त्यामुळेच अ‍ॅलर्जीच्या साध्या गोळ्यांनी तुम्हाला गुंगी आली पण खाज गेली नाही. नवी लक्ष्यवेधी औषधे याच निरोपांच्या वाटेवर काम करतात.

मात्र ‘इंजेक्शन की गोळी’ हे ठरवण्याआधी एक पायरी आहे, आणि तुमच्या पत्रात ती मला कुठेच दिसली नाही. तुमचा आजार नेमका कोणता, हे अलीकडे कोणी पुन्हा तपासले आहे का? लहानपणी इसब होते म्हणून आजचेही सगळे तेच असेल, हे आपण गृहीत धरतो. पापण्या, मान आणि उघडे हात यांवर जोर असलेला, मोठ्या वयात उलटलेला त्रास पाहिला की पुण्यातल्या त्वचारोगतज्ज्ञाच्या मनात गाजर गवताचा विचार यायलाच हवा. भारतात या गवताची ठळक नोंद १९५५ साली पुण्यातच झाली, आणि त्यामुळे होणाऱ्या त्वचारोगाचा अभ्यासही इथे लवकर सुरू झाला. या गवताचे सुकलेले कण हवेतून उडतात आणि चेहरा, पापण्या, गळा, कोपरांच्या खोबणी अशा जागी बसतात. नदीकाठचा रस्ता, मोकळे प्लॉट, बांधकामांच्या कडेचे पडीक तुकडे, या सगळ्यांजवळून तुम्ही रोज दुचाकीवरून जात असाल, तर हा संशय नोंदवण्याजोगा आहे. केसांचा रंग, काळी मेंदी, खोट्या दागिन्यांतले निकेल, प्रसाधनांमधली सुगंधी द्रव्ये यांचाही असाच संसर्गजन्य नसलेला, पण स्पर्शाने उठणारा इसब होतो.

यासाठी पॅच टेस्ट असते. पाठीवर संशयित पदार्थांचे छोटे ठिपके चिकटवून ४८ तास ठेवतात आणि नंतर ७२ ते ९६ तासांच्या सुमारास पुन्हा पाहतात. त्या काळात पाठ भिजवायची नाही, फार घाम येऊ द्यायचा नाही. म्हणून शक्य असेल तर ती थंडीत करावी. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असताना ती विश्वासार्ह ठरत नाही. हिची गल्लत रक्ताच्या ‘अ‍ॅलर्जी पॅकेज’शी मात्र करू नका. त्या अहवालात शेंगदाणा, धूळ, वांगे असे काहीही ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकते आणि त्याचा तुमच्या त्वचेशी काही संबंध नसू शकतो. प्रौढ वयातल्या इसबात सरसकट पथ्याचा उपयोग क्वचितच होतो. सहा वर्षे मासे सोडून फरक पडला नसेल, तर मासे निर्दोष आहेत असे मानून ते पुन्हा ताटात घ्यायला माझी हरकत नाही.

आणखी दोन शक्यता तज्ज्ञांना आवर्जून विचारा. दुकानातून आणलेल्या मलमांत बहुधा तीव्र स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक अशी खिचडी असते. अशी मलमे गजकर्णावर लावली की त्याची कड पुसट होते, रूप बदलते, आणि ते इसबासारखे दिसू लागते. महाराष्ट्रात हट्टी गजकर्ण सध्या इतके पसरले आहे की खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली एकदा पाहून घेणे शहाणपणाचे ठरते. घरात आणखी कोणाला रात्रीची खाज सुटत असेल, तर खरजेचाही विचार हवा, कारण ती बरी करायला लाख रुपये लागत नाहीत. एखादा चट्टा कशालाच दाद देत नसेल तर तज्ज्ञ त्वचेचा तुकडा काढून तपासायला सांगतील. त्याला घाबरू नका. त्वचेच्या एका दुर्मीळ लिम्फोमाची, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या कर्करोगाची, सुरुवात अगदी इसबासारखी दिसू शकते, आणि महागडे औषध सुरू करण्यापूर्वी तो नाही याची खात्री करणे हे चांगल्या डॉक्टरचे काम आहे.

निदान पक्के झाले असे धरू. आता साधा उपचार पूर्ण ताकदीने झाला होता का, हे पाहावे लागेल. ‘मलमे लावून झाली’ असे जवळजवळ प्रत्येक रुग्ण म्हणतो, आणि किती लावले असे विचारले की उत्तर येते, ‘थोडे थोडे’. मोठ्या माणसाच्या बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेले मलम, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. अंगभर कोरडेपणा असेल तर ओलावा टिकवणारे साधे, बिनवासाचे क्रीम आठवड्याला निदान पाव किलो लागते, आणि आंघोळीनंतर अंग टिपताच लगेच लावावे लागते. आंघोळ कोमट पाण्याची आणि थोडक्यात उरकलेली बरी. उटणे आणि डाळीचे पीठ घासून लावणे तूर्त बंद ठेवा. पापण्या आणि मान यांसाठी टॅक्रोलिमसचे, म्हणजे स्टेरॉइड नसलेले, मलम असते. ते पहिले काही दिवस चुणचुणते, म्हणून लोक सोडून देतात. पण त्याने त्वचा पातळ होत नाही. चट्टा ओसरल्यानंतरही त्या जागी आठवड्यातून दोनदा औषधी मलम लावत राहण्याची पद्धत आहे, तीही अनेकांना कोणी सांगितलेली नसते. स्टेरॉइडच्या मलमांबद्दल तुमच्या मनात भीती आहे हे कळते. योग्य तीव्रतेचे, योग्य जागी, ठरलेल्या मुदतीसाठी आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली लावलेले स्टेरॉइड मलम हे आजही इसबाचे पहिले औषध आहे. चिठ्ठीशिवाय ट्यूबमागून ट्यूब आणणे ही वेगळी गोष्ट आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा अनेक मलमांना चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या औषधांत घातले ते याच कारणासाठी.

स्टेरॉइडच्या गोळ्यांच्या बाबतीत मी जास्त कडक बोलेन. प्रत्येक कोर्सने आठ दिवस स्वर्ग वाटतो आणि गोळ्या थांबल्या की इसब दुप्पट जोराने उसळते, हे तुम्ही स्वतःच लिहिले आहे. वारंवार घेतलेल्या या गोळ्या हाडे, साखर, रक्तदाब आणि डोळे यांचे नुकसान करतात. तुमच्या पत्रातले सर्वांत धोकादायक औषध हेच आहे, नवे इंजेक्शन नव्हे. पण गोळ्या दीर्घकाळ घेतल्या असतील तर त्या स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. शरीराची स्वतःची स्टेरॉइड निर्मिती मंदावलेली असू शकते, म्हणून त्या टप्प्याटप्प्याने, डॉक्टरांच्या सांगण्यानुसार उतरवाव्या लागतात. बिनलेबलच्या चूर्णाची पुडी पुढच्या भेटीत तज्ज्ञांना दाखवा. दोन दिवसांत जादू करणाऱ्या अशा पुड्यांमध्ये आणि मलमांमध्ये स्टेरॉइड मिसळलेले अनेकदा सापडले आहे.

सासूबाईंची शंका उडवून लावण्यासारखी नाही, कारण तिच्यामागे खरे निरीक्षण आहे. इसब असलेल्या काही मुलांना पुढे दमा किंवा सततची सर्दी होते, हे आपल्या आजी-पणज्यांनी पाहिले होते. फक्त कारण वेगळे आहे: त्वचा, नाक आणि श्वासनलिका या तिन्ही ठिकाणी एकाच प्रवृत्तीचा दाह असतो आणि तो वयाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर दिसतो. त्वचेवर दाबल्यामुळे तो फुप्फुसांत जात नाही. याचा सर्वांत बोलका पुरावा तुम्हाला सुचवलेले इंजेक्शनच आहे. अमेरिकेत डुपिलुमॅबला प्रौढांच्या इसबासाठी २०१७ मध्ये आणि पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, दम्याच्या काही प्रकारांसाठी मान्यता मिळाली. त्वचेवरचा दाह रोखणारे तेच औषध दमाही आटोक्यात आणते. सासूबाईंना पुढच्या भेटीला सोबत न्या आणि हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. सूनबाईने समजावण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

आता दोन पर्यायांकडे येऊ. दोन्ही ‘लक्ष्यवेधी’ म्हटले जातात, पण त्यांची व्याप्ती सारखी नाही. डुपिलुमॅब म्हणजे सोसायटीतल्या एकाच फ्लॅटची पाण्याची लाइन बंद करणे आहे, तर जॅक गोळी गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह फिरवते, ज्याने अनेक घरांचे पाणी कमी होते.

डुपिलुमॅब इंटरल्यूकिन-४ आणि १३ या दोघांचा निरोप पेशीच्या दारातच अडवते. प्रौढांना पहिल्या वेळी ६०० मिलिग्रॅम आणि नंतर दर दोन आठवड्यांनी ३०० मिलिग्रॅम कातडीखाली दिले जाते. शिकवल्यावर ते घरीही घेता येते. अपेक्षा मात्र वास्तव ठेवा. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत १६ आठवड्यांनंतर त्वचा स्वच्छ किंवा जवळजवळ स्वच्छ झालेल्यांचे प्रमाण ३६ ते ३८ टक्के होते, तर नुसते नकली इंजेक्शन मिळालेल्यांत ते ८ ते १० टक्के होते. इसबाची तीव्रता तीन चतुर्थांशाने घटलेले रुग्ण साधारण निम्मे होते. म्हणजे बहुतेकांना फरक पडतो, अनेकांची झोप परत येते, पण सर्वांची त्वचा नितळ होत नाही, आणि क्रीम लावणे सुटत नाही. डोळे लाल होणे, चुरचुरणे हा त्रास चाचण्यांत दहातल्या एखाद्याला झाला. तुमच्या पापण्या आधीच सुजलेल्या असतात, म्हणून सुरुवातीलाच डोळे तपासून घ्या. काहींना चेहरा आणि मानेवर नवी लाली येते. पोटात जंत असतील तर त्यांचा उपचार आधी करायचा असतो. नियमित रक्ततपासण्या सहसा लागत नाहीत.

जॅक गोळ्यांचे बलस्थान त्यांचा वेग आहे. कित्येकांची खाज काही दिवसांतच उतरते. उपाडासिटिनिब आणि अब्रोसिटिनिब यांना अमेरिकेत इसबासाठी २०२२ मध्ये मान्यता मिळाली. बॅरिसिटिनिबचे नाव आपल्याकडे अनेकांनी कोविडच्या दुसऱ्या लाटेत ऐकले, तर टोफासिटिनिब संधिवातासाठी बराच काळ वापरात आहे. या दोन्हींची भारतीय कंपन्यांनी बनवलेली स्वस्त रूपे मिळतात, त्यामुळे खर्चाच्या दृष्टीने गोळी मोहात पाडते. उपाडासिटिनिबची मोठी मात्रा आणि डुपिलुमॅब यांची थेट तुलना झाली, तेव्हा १६ आठवड्यांनंतर तीव्रता तीन चतुर्थांशाने घटलेले रुग्ण अनुक्रमे ७१ आणि ६१ टक्के होते. पण या गोळ्यांनी नागीण, मुरुमे, कोलेस्टेरॉलमध्ये वाढ, रक्तपेशींत घट असे परिणाम होऊ शकतात. २०२१ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने या गटातल्या औषधांवर हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या, कर्करोग आणि गंभीर संसर्ग यांचा ठळक इशारा घातला. त्या इशाऱ्याचा आधार असलेला अभ्यास पन्नाशी ओलांडलेल्या, हृदयविकाराची जोखीम असलेल्या संधिवाताच्या रुग्णांचा होता. तुमच्या वयाच्या, धूम्रपान न करणाऱ्या व्यक्तीची जोखीम तेवढी नसते. आपल्या देशात आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे, ती म्हणजे सुप्त क्षयरोग. गोळी सुरू करण्यापूर्वी छातीचा एक्स-रे, क्षयाची तपासणी, कावीळ बी आणि सी, रक्तपेशी, यकृत आणि कोलेस्टेरॉल हे सगळे पाहिलेच पाहिजे. औषधांच्या दुकानातून ही गोळी परस्पर आणून घेणारे लोक मला ठाऊक आहेत, आणि त्यांची मला मनापासून काळजी वाटते.

तुमच्या बाबतीत हा तोल एका वाक्याने बदलतो, आणि ते वाक्य तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी लिहिले आहे: दुसऱ्या मुलाचा विचार. ते तज्ज्ञांना सांगितले आहे का? जॅक गोळ्या गरोदरपणात आणि अंगावर पाजताना घ्यायच्या नसतात; त्या चालू असताना गर्भनिरोधन काटेकोर हवे, आणि थांबवल्यानंतरही औषधानुसार काही आठवडे वाट पाहावी लागते. इसबात वापरले जाणारे जुने औषध मेथोट्रेक्सेट तर गर्भधारणेच्या कित्येक महिने आधी बंद करावे लागते. डुपिलुमॅबबद्दल गरोदरपणातली माहिती मर्यादित आहे, आतापर्यंत तीत चिंतेची ठळक खूण दिसलेली नाही, पण तो निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञ आणि त्वचारोगतज्ज्ञ यांनी तुमच्यासोबत मिळून घ्यायचा आहे.

म्हणून मी तिसऱ्या पर्यायाचेही नाव घेते, कारण तुमच्यापुढे दोनच ठेवले गेले. विशिष्ट तरंगलांबीच्या अतिनील किरणांचा उपचार आठवड्यातून दोन-तीनदा केबिनमध्ये उभे राहून घेतात. पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांत आणि बऱ्याच खासगी दवाखान्यांत ही सोय आहे, खर्च तुलनेने कमी आहे आणि गरोदरपणातही हा उपचार चालतो. फक्त फॉलिक अ‍ॅसिडकडे लक्ष ठेवावे लागते, कारण किरणांनी शरीरातले ते जीवनसत्त्व घटू शकते. अडचण वेळेची आहे, बँकेच्या वेळा सांभाळून ते जमेल का हे तुम्हीच जाणता. उन्हाने त्रास वाढत असेल किंवा पॅच टेस्टमध्ये गाजर गवत निघाले तर किरणांबाबत आधी तज्ज्ञांशी बोला. सायक्लोस्पोरिन हे जुने औषध खाज लवकर उतरवते. रक्तदाब आणि मूत्रपिंड तपासत ते काही महिन्यांपुरते वापरतात.

पैशांबद्दल माझे मत स्पष्ट आहे. संपूर्ण ठेव मोडू नका. तज्ज्ञांकडून चार महिन्यांचा खर्च लेखी मागा, तेवढीच रक्कम बाजूला काढा आणि १६ आठवड्यांनी पुढे जायचे की थांबायचे ते ठरवा. त्यासाठी मोजमाप हवे: आजपासून रोज रात्री खाजेला शून्य ते दहा गुण द्या, किती वेळा जाग आली ते वहीत लिहा, आणि चट्ट्यांची एकाच उजेडात छायाचित्रे काढा. खाजेच्या गुणांत चारची घट अर्थपूर्ण मानतात. ती दिसली नाही तर औषध बदलण्याविषयी बोलायला तुम्हाला संकोच वाटण्याचे कारण नाही. कंपनीकडून रुग्णांसाठी सवलतीची योजना असते का, तेही विचारा. विमा नियामकाने २०१९ मध्ये आधुनिक उपचारांची जी यादी केली, तिच्यात मोनोक्लोनल अँटिबॉडीची, म्हणजे एकाच लक्ष्यावर काम करणाऱ्या, प्रयोगशाळेत बनवलेल्या प्रतिपिंडांची, इंजेक्शने आहेत आणि डुपिलुमॅब त्याच प्रकारात मोडते. पण रुग्णालयात दाखल होण्याची अट आणि रकमेची मर्यादा पॉलिसीनुसार वेगळी असते, म्हणून विमा कंपनीला ईमेलने विचारून लेखी उत्तर घ्या.

जन्मभराचा प्रश्न राहिला. या औषधांची सवय लागत नाही. आजार दीर्घकाळचा असल्याने औषध थांबल्यावर तो अनेकांमध्ये हळूहळू परततो, आणि त्याला सवय समजले जाते. बराच काळ त्वचा शांत राहिली तर काही रुग्णांत तज्ज्ञ दोन इंजेक्शनांमधले अंतर वाढवून पाहतात. रक्तदाबाची गोळी रोज घेणाऱ्या माणसाला आपण ‘जन्मभर अडकला’ म्हणून हिणवत नाही. स्वतःलाही तेवढीच मोकळीक द्या.

माझ्या मते तुमचा क्रम असा असावा: आधी निदानाची फेरतपासणी आणि पॅच टेस्ट, त्यासोबत क्रीम आणि मलमांचा पुरेशा मात्रेतला एक खरा प्रयत्न, दुसऱ्या मुलाविषयी पती-पत्नींचे मोकळे बोलणे, आणि तरीही रात्री जागत असाल तर गोळीपेक्षा इंजेक्शनाला किंवा किरणोपचाराला पसंती. मूल नको असे तुम्ही ठरवले, तर योग्य तपासण्यांनंतर गोळीचाही विचार करता येईल.

एक सूचना मात्र वेळापत्रकाची वाट न पाहता पाळा, आणि ती इसब असलेल्या प्रत्येक वाचकासाठी आहे. चट्ट्यांवर अचानक एकसारख्या आकाराचे दुखरे फोड किंवा खोलगट व्रण उठले, ताप आला किंवा डोळ्यांच्या जवळ असे झाले, तर तो नागिणीच्या कुळातल्या विषाणूचा पसरलेला संसर्ग असू शकतो. त्यावर स्टेरॉइडचे मलम लावत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.